शिकाऊ म्हणजे हरकाम्या नव्हे

आमच्याकडं पोरगं इंजिनिअरिंगला ‘जातं’, डिप्लोमाला ‘जातं’, पण आयटीआयला त्याला ‘घालतात’. मोकाट जनावर कोंडवाड्यात घालावं तसं. दहावीला मार्क कमी पडले, गणितात गचकला, घरी दीड एकर रान आणि त्यातलं निम्मं खडकाळ, मग पारावर बसलेलं कुणीतरी म्हणतं, “घाला की आयटीआयला. फिटर झाला तर कुठंतरी चिकटंल.” या ‘घाला’ आणि ‘चिकटंल’च्या मधे जी तीन वर्षं असतात, त्यात पोरगं काय शिकतं हे विचारायला कुणाला सवड नसते. बापाला नसते, कारखान्याला नसते, सरकारला तर नसतेच.

मी त्या रस्त्यानं गेलेला माणूस आहे. दोन वर्षं फिटर ट्रेड, मग १९८० च्या दशकात एका सहकारी साखर कारखान्यात एक वर्षाची अप्रेंटिसशिप, आणि पुढचं सगळं आयुष्य यंत्रांच्या देखभालीत. माझ्या संसाराची भाकरी याच कसबानं भाजली. म्हणून आज जेव्हा फिटरचं सर्टिफिकेट घेतलेलं पोरगं पंप आणि मोटार एका रेषेत बसवताना गोंधळून उभं राहतं, तेव्हा मला त्या पोराचा राग येत नाही. ज्यांनी त्याला वर्षभर ‘शिकाऊ’ म्हणून राबवलं आणि शिकवलं मात्र काही नाही, त्यांचा येतो.

आधी हे कसब म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला फिटर म्हटलं की हातात पाना घेऊन नट आवळणारा माणूस दिसतो. नट कुणीही आवळतो. आयटीआयच्या पहिल्या वर्षी आम्हाला लोखंडाचा तुकडा वाइसमध्ये धरून कानस चालवायला लावायचे. महिनोन् महिने. पृष्ठभाग सपाट, चारही कोन काटकोनात. गुण्या लावून उजेडाकडं धरायचा आणि मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. तळहाताला फोड यायचे, ते फुटायचे, मग घट्टे पडायचे. हा छळ वाटायचा. पण त्या छळातून हाताला एक गोष्ट कळते: मिलिमीटरचा दहावा भाग किती असतो ते. डोळ्याला कळायच्या आधी हाताला कळतं.

कारखान्यात आल्यावर आम्हाला एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली दिलं. शिक्षण चौथी. इंग्रजी आकडे तेवढे वाचता यायचे. गाळप हंगाम संपून ऑफ सीझन लागला की मिल हाऊसचे रोलर क्रेननं उचलून बाहेर काढायचे. त्यांच्या गळ्याखालची बेअरिंगं झिजलेली असायची. त्यांना आम्ही ‘ब्रास’ म्हणायचो. नव्या ब्रासची बैठक करायची म्हणजे रोलरच्या गळ्याला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, ब्रास वर बसवून घासायचा, उचलायचा आणि जिथं निळं लागलं तो उंचवटा समजून खरवडायचा. खरवडायचं हत्यारही विकतचं नसे. जुन्या तिधारी कानशीला धार लावून मिस्त्रींनी केलेलं असे. पुन्हा निळं, पुन्हा घासणं, पुन्हा खरवडणं. निळे ठिपके सगळीकडं सारखे पसरेपर्यंत. एका ब्रासला दिवस जायचा. घाई केली की मिस्त्री म्हणायचे, “आरं, रान खुरपाय आलाईस व्हय? दिसंल तेवढंच काढ. जास्त निघालं ते परत चिकटत न्हाय.”

पंप आणि मोटारीचं कपलिंग जुळवायलाही त्यांनीच शिकवलं. डायल गेजचा पाया एका अर्ध्यावर पक्का करायचा, काटा दुसऱ्या अर्ध्याच्या काठावर टेकवायचा, दोन्ही मिळून फिरवायचं आणि वर, खाली, दोन्ही बाजूंना असे चार आकडे टिपायचे. वर आणि खाली यांत ०.२० चा फरक आला तर प्रत्यक्ष सरक ०.१० ची असते, कारण काटा दोन्ही बाजूंची मिळून बेरीज दाखवतो. मग पत्र्याची तेवढी शिम पायाखाली घालायची. कुणाच्या? मोटारीच्या. पंपाला पाइप जोडलेले असतात, तो हलवला तर पाइपांचा ताण त्याच्यावर येतो. ही तीन वाक्यं पुस्तकातही असतात. पण मोटारीचा पाय सैल करताना ती किती उठते, बोल्ट आवळताना पुन्हा किती बसते, आणि जुळलं असं वाटल्यावर पुन्हा एकदा का बघायचं, हे शेजारी उभं राहून दाखवणारा माणूस लागतो.

बेअरिंग तेलात गरम करून दांड्यावर चढवायचं, हातोडीनं ठोकायचं नाही. आणि ठोकायचीच वेळ आली तर आतल्या कड्यावर नळी टेकवून ठोकायचं. बाहेरच्या कड्यावर दिलेला घाव गोळ्यांतून आत जातो आणि नवं बेअरिंग चालू व्हायच्या आधीच मरतं. चालत्या यंत्राच्या बेअरिंगवर पेचकसाचं टोक टेकवून मूठ कानाला लावायची आणि आवाज ऐकायचा. सलग घरघर ठीक, मधे खडखड आली की पुढच्या थांब्याला उघडायचं. हे मी एका वर्षात शिकलो.

मिस्त्री काही संत नव्हते. शिव्या द्यायचे, चहा आणायला पिटाळायचे, एकदा कानशीच्या मुठीनं पाठीत हाणलेलंही आठवतं. त्या काळाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. पण यंत्र बिघडलं की ते पहिली हाक अप्रेंटिसला मारायचे. “ये हिकडं, बघ.” तीन शब्द. अप्रेंटिसशिप म्हणजे हे ‘ये हिकडं, बघ’.

आता आजचं सांगतो. माझा भाचा फिटर ट्रेड पास झाला आणि एमआयडीसीतल्या, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस होता. नाव सांगत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील असे कारखाने पुष्कळ आहेत. त्याला पहिल्या आठवड्यापासून प्रेसवर उभं केलं. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन हिरवी बटणं दाबायची, तयार तुकडा उचलून ट्रेमध्ये टाकायचा. पुन्हा पत्रा. आठ तास. मी विचारलं, “मशीन बंद पडल्यावर काय करता रे?” तो म्हणाला, “मामा, सुपरवायझर मेंटेनन्सला फोन लावतो. ते आले की आम्हाला दुसऱ्या प्रेसवर पाठवतात. तिथं थांबू देत नाहीत.”

हे वाक्य मी कितीदा तरी मनात घोळवलं आहे. यंत्र बंद पडतं तीच तर फिटरची शाळा भरण्याची वेळ. नेमक्या त्या वेळी फिटर शिकायला आलेल्या पोराला तिथून हाकलायचं, कारण दुसऱ्या प्रेसवरचे तुकडे मोजायचे राहतील! वर्षभराची कामाची डायरी त्यानं आदल्या सालच्या पोराची बघून उतरवली. त्यानंही त्याच्या आधीच्याची उतरवली असणार. त्या डायरीत कपलिंग जुळवणं आहे, बेअरिंग बदलणं आहे, गिअर बॉक्स उघडणं आहे. सगळं आहे, फक्त घडलेलं काही नाही. तेरावा महिना लागला तसा भाचा घरी आला आणि त्याच्या जागी नवी बॅच हजर झाली.

हे बेकायदा आहे, आणि हे मी चिडून म्हणत नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की शिकाऊ हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. मालक लोकांना हे कलम तोंडपाठ असतं, कारण त्यामुळं कामगार म्हणून पगार द्यावा लागत नाही. पण त्याच कायद्यात असंही आहे की मालकानं योग्य पात्रतेचा माणूस प्रशिक्षणावर नेमायचा. प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम शिकाऊला लावणं हा गुन्हा आहे. नगावर पैसे देणं गुन्हा आहे. उत्पादनाच्या बोनसच्या स्पर्धेत त्याला ओढणं गुन्हा आहे. परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावणं गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला माहीत होता. शिकाऊच्या नावाखाली काय काय होईल ते त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

या गुन्ह्यांना पूर्वी तुरुंगाची तरतूद होती. २०१४ च्या दुरुस्तीनं ती काढली आणि दंड ठेवला: प्रत्येक प्रसंगाला १,००० रुपये. एका पोराचं वर्ष वाया घालवण्याची किंमत एक हजार! त्याच दुरुस्तीनं उमेदवारी पूर्ण केलेल्या पोरांना नोकरीत घेण्याचं धोरण मालकानं स्वतःच ठरवावं असं म्हटलं. ‘स्वतःच ठरवावं’ म्हणजे काय होतं ते सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये एका राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात म्हटलं होतं की बाकी सगळं सारखं असेल तर प्रशिक्षण घेतलेल्या शिकाऊला बाहेरच्यापेक्षा प्राधान्य द्यावं. हे किती पोरांना ठाऊक आहे?

२०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली आणि विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलू लागलं. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक केलं, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणं ५,००० ते ९,००० रुपये ठरलं. हेतू चांगला होता. पण यात मोजलं काय जातं ते बघा: किती पोरं घेतली, किती पैसे दिले. किती शिकली ते मोजायचं कोष्टक कुठाय? मंत्री भाषणात आकडा सांगतात तो ‘घेतलेल्यां’चा असतो.

मालकांची बाजू मी ऐकलेली नाही असं समजू नका. त्यांची तीन गाऱ्हाणी असतात.

पहिलं, आजकालच्या पोरांना धीर नाही, सतत मोबाईल. खरं आहे, धीर कमी आहे. पण धीर कानशीनं येतो, बटणानं येत नाही. ज्याला वर्षभर माकडासारखं एकच काम दिलं, तो जेवणाच्या सुट्टीत मोबाईल बघणार नाही तर काय करणार?

दुसरं, आता यंत्रं शहाणी झाली, पडद्यावर स्वतःच सांगतात काय बिघडलं. मी सीएनसी मशिनं सांभाळली आहेत. पडदा सांगतो की अमुक अक्षावर भार वाढला. का वाढला, स्क्रूला कचरा लागला, की बेअरिंग गेलं, की तेलाची नळी तुंबली, हे उघडून बघणाऱ्यालाच कळतं. ताप किती हे थर्मामीटर सांगतो, म्हणून डॉक्टर लागत नाही असं कुणी म्हणत नाही.

तिसरं गाऱ्हाणं जरा वजनदार आहे: आम्ही शिकवायचं आणि पोरगं दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या कंपनीत जाणार. होतं असं. पण प्रत्येकानं असाच हिशेब केला तर काय होतं तेही समोर आहे. ज्या सहकारी कारखान्यात मी शिकलो, तिथं जुने फिटर एकेक करून निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत, आणि आता ऑफ सीझनची दुरुस्ती बाहेरच्या कंत्राटदाराच्या टोळ्या करतात. विहिरीत पाणी सगळ्यांना हवं, गाळ काढायला कुणी उतरायचं नाही. मग एक दिवस बादली कोरडी येते.

जर्मनीचं उदाहरण हल्ली फार दिलं जातं, विशेषतः २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केल्यापासून. मग ते उदाहरण पूर्ण तरी द्या. तिथं औद्योगिक मेकॅनिकचं शिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, कारखाना आणि व्यवसायशाळा दोन्हीकडं मिळून. त्यांचाही कायदा, १९६९ चा, हेच म्हणतो की शिकाऊला शिक्षणाच्या उपयोगाचंच काम द्यायचं. म्हणजे कागदावर त्यांचा आणि आमचा कायदा सख्खे भाऊ. फरक पुढं आहे. तिथं परीक्षा उद्योग-व्यापार मंडळाची समिती घेते, आणि त्या समितीत मालकांचे, कामगारांचे आणि शाळेच्या शिक्षकांचे प्रतिनिधी असतात. पोराला काम येत नसेल तर ते तिथं उघड्यावर पडतं. आमच्याकडं उघडं पडतं ते पहिल्या नोकरीत, आणि नाव पोराचं खराब होतं. आपल्याच कारखान्यात ज्यांना मेंटेनन्सच्या दारातून हाकललं, तीच पोरं आता जर्मनीला पाठवायची म्हणतात!

आणखी एक गोष्ट, जी गावात कुणी बोलत नाही. जुन्या गावगाड्यात भात्याजवळ बसायचं तर लोहाराच्या घरी जन्माला यावं लागे. सुताराचा पोरगा सुतार, लोहाराचा लोहार, आणि काही जातींच्या पोरांना तर हत्याराला हात लावायची मुभा नव्हती. आयटीआयनं आणि अप्रेंटिसशिपनं हे कुंपण मोडलं. माझ्या बॅचला आमच्या वाइसच्या ओळीत सगळ्या आळ्यांची पोरं होती आणि ब्रास खरवडताना कुणाची आळी कुठली हे निळ्या रंगाला कळत नव्हतं. कसब उघड्यावर शिकवलं जातं तेव्हाच ते सगळ्यांचं होतं. ते शिकवणं बंद झालं की कसब पुन्हा ज्याचा चुलता मेंटेनन्सला आहे त्याच्याच घरात राहणार. आता कुठं चार पोरीही फिटर ट्रेडला दिसू लागल्यात. त्यांचा चुलता तर कुठंच नसतो. म्हणून एका कारखान्यानं एका पोराला शिकवलं नाही, एवढ्यापुरती ही गोष्ट थांबत नाही.

किर्लोस्करवाडी १९१० साली माळावर उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं लोखंडी नांगर केले, पण नांगर करायला आधी माणसं करावी लागली. त्या माळाला काही तयार फिटर उगवले नव्हते. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० च्या शेवटी सुरू झाला आणि मग गावोगाव धुराडी उभी राहिली. ती चालवणारे हात उसाच्या रानातूनच आले आणि कुणीतरी शेजारी उभं राहून ते घडवले. म्हणजे हे जमतं, आणि आपल्याच मातीत जमलेलं आहे.

आता आपल्याविषयी. पोरगं महिन्याच्या शेवटी घरी येतं तेव्हा आपण विचारतो, “किती मिळालं?” काय शिकलास, हे विचारत नाही. सात-आठ हजार हातात पडले, खताचं बिल भागलं, झालं. कारखानदाराला आपली ही गरज पुरती ठाऊक आहे आणि तो तिच्यावर नांगर धरून बसलाय. म्हणून बापांना सांगतो: करारावर सही करताना त्याची प्रत मागा. शिकवायला कोण माणूस नेमलाय त्याचं नाव विचारा. दर महिन्याला पोराला विचारा, या महिन्यात कोणतं यंत्र उघडलेलं बघितलं? दोन महिने उत्तर ‘कुठलंच नाही’ असं आलं, तर चार बाप मिळून जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयात लेखी अर्ज द्या. एकट्याचा अर्ज कपाटात जातो, चौघांचा टेबलावर तरी राहतो.

आणि जे साखर कारखान्याचे सभासद आहेत त्यांना वेगळं सांगतो. तुम्ही मालक आहात, निदान शेअरच्या कागदावर तरी. दरवर्षी वार्षिक सभा होते, अहवाल वाटला जातो, उसाच्या दरावरून आरडाओरडा होतो, ‘मंजूर, मंजूर’ म्हणत विषय संपतात आणि सगळे जेवणाच्या मांडवाकडं वळतात. या सप्टेंबरात दराचा प्रश्न विचाराच, तो हक्क आहे. पण एकानं उभं राहून एवढंही विचारावं: चेअरमनसाहेब, आपल्याकडं यंदा अप्रेंटिस किती, त्यांना शिकवतो कोण, आणि ऑफ सीझनला रोलर उघडला तेव्हा ती पोरं कुठं होती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या साली तोच प्रश्न पुन्हा विचारा.